एमजीबी रिस्टोअर करताना तिचं मूळपण कसं टिकवायचं?

तुमची गाडी १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि 'नव्यासारखी करू की जुनीच ठेवू' असा प्रश्न आहे. माझं मत: जे सडलंय ते बदला, जे नुसतं जुनं दिसतंय त्याला हात लावू नका.

पहिलं काम गंज. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालचे सिल (बॉडीचे लांब पोकळ पत्रे) कुजले असतील तर रंगाचा विचारही नको. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू वेल्ड करून घ्या. नाहीतर बॉडी मधोमध खचते, नवे सिल बसतात आणि मग दारच लागत नाही! हे प्रकरण फार महागात पडतं.

इंजिन मूळचंच ठेवा, इंजिनावरचा नंबर गाडीच्या मूळ नोंदीशी जुळणं महत्त्वाचं. जोडीचे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटरही (इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणारे भाग) काढू नका, निम्मा आवाज तिथलाच. हल्लीच्या शिसंविरहित पेट्रोलसाठी इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उघडलंच तर कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) बसवा, बाहेरून काही कळत नाही. ब्रेकचे नळे, रबरी होस, वायरिंग मात्र बिनधास्त नवं. त्या काळच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, हल्लीच्या रेडिओला मात्र निगेटिव्ह टोक बॉडीला लागतं, त्यामुळे तो थेट जोडू नका.

सीटचं चामडं भेगाळलं असेल तर साफ करून कंडिशनर लावा, एवढंच. आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. मी एकदा एक ब्रॅकेट भंगारात दिला होता, पुढे तोच शोधत बसलो.