पुस्तकावरचं नाव

ताई,

आम्ही दापोली तालुक्यातले. मिस्टरांचा हर्णै बंदरात बर्फाचा धंदा आहे. धाकटा मुलगा सातवीत आहे. लिलावाला बाबांबरोबर गेला की कॅल्क्युलेटरच्या आधी याचा हिशेब तयार असतो. दिवाळीपासून त्याने दहावीचं बीजगणित हातात घेतलंय. पुस्तक मोठ्याचंच आहे. मोठा यंदा दहावीला आहे, पण त्याचं गणितात काही विशेष नाही. धाकट्याने तर पुस्तकावरचं दादाचं नाव खोडून स्वतःचं टाकलंय, आम्हाला सगळ्यांना इतकं हसू आलं! मोठा हल्ली अभ्यासाला मित्राकडे जातो, त्यामुळे याला घरात शांतता मिळते. दापोलीच्या ज्या क्लासला मोठा जातो तिथले सर म्हणतात, याला आत्ताच दहावीच्या बॅचला बसवा, फी नको. मिस्टर म्हणतात, रँग्लर परांजपे आपल्याच तालुक्यातले, पोराला अडवायचं नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, घाई करू नका. काय करावं?

— एक आई

*

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. धाकट्यावर अठरा वाक्यं आहेत, मोठ्यावर चार. (एवढ्यात पत्र संपत नाही, छापताना मी कापलंय.) त्या चारातलं एक हसण्याचं आहे.

तुम्हाला सगळ्यांना हसू आलं म्हणता. सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला? घरात चार माणसं. नाव खोडणारा हसला असेल. तुम्ही दोघं हसलात. चौथ्याचं नाव खोडलं होतं, तो हसला का? मला वाटतं हसलाही असेल. पंधरा वर्षांचा मुलगा अशा वेळी हसतोच, दुसरं काय करणार? आणि मग संध्याकाळी दप्तर उचलून मित्राकडे जातो, आणि तुम्ही लिहिता, घरात शांतता असते.

आता मला सांगा, पुस्तक धाकट्याकडे घरी. मग मोठा मित्राकडे कुठल्या पुस्तकातून अभ्यास करतो? संक्रांत झाली. बोर्डाचा पेपर तोंडावर आलाय आणि दहावीच्या मुलाचं बीजगणिताचं पुस्तक सातवीतल्या मुलाच्या दप्तरात आहे. तुमच्या घरातला गणिताचा प्रश्न हा आहे. बर्फाचा धंदा असलेल्या घरात दुसरी प्रत आणायला पैसे नव्हते, असं मला कोणी सांगू नये. आणावी असं सुचलंच नाही, कारण मोठ्याला ती लागत असेल हेच कोणाच्या मनात आलं नाही.

धाकटा लहान आहे, त्याला काय कळतंय, हेही नको. ज्याला दोन समीकरणं मनात मांडता येतात, त्याला पुस्तकावर कोणाचं नाव आहे हे कळतं. त्याने नाव खोडलं कारण तुम्ही सगळ्यांनी ते आधीच खोडलं होतं, याने फक्त पेन चालवलं.

आणि मी आता असं लिहीन असंही समजू नका, की मोठ्यातही काही वेगळा गुण असेल, तो शोधा, तो इंजिन छान दुरुस्त करत असेल, चित्रं काढत असेल. नसेलही. साधा मुलगा असेल, गणितात पंचावन्न मिळवणारा. तरी पुस्तक त्याचंच.

रँग्लर परांजप्यांचं नाव काढलंत म्हणून सांगते. मुर्डीचे परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत सगळ्यांत वर आले, असे भारतातले पहिले. त्यांना शिकायला मुंबईला कोणी नेलं? मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी. नात्याने भाऊ, वयाने अठरा वर्षांनी मोठे. कर्वे फर्ग्युसनला गणितच शिकवत, आणि पुढे तोच धाकटा भाऊ विलायतेहून येऊन त्याच कॉलेजात त्यांचा प्राचार्य झाला. वर्षानुवर्षं थोरल्याने धाकट्याच्या हाताखाली नोकरी केली आणि त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. तुमच्या मिस्टरांना गोष्ट सांगायचीच असेल तर दोघांची सांगू दे. अर्धी गोष्ट सांगून घरात रँग्लर होत नसतो.

आता सरांच्या बॅचचं. नाही. त्या बॅचला नाही. मोठा ज्या बाकावर बसतो त्याच्या पुढच्या बाकावर सातवीतला भाऊ बसणार, सर मोठ्याला प्रश्न विचारणार, तो अडखळला की धाकट्याकडे वळणार. असं वळल्याशिवाय त्यांना राहवणार नाही. मी बावीस वर्षं दहावीला बीजगणित शिकवलंय, मलाही कधी राहवलं नाही. आणि फी माफ का, हा हिशेब तुमच्या धाकट्याला घाला. पुढच्या जूनमध्ये एसटी स्टँडसमोरच्या फलकावर कोणाचा फोटो लागेल ते तो तोंडी सांगेल.

शाळेतल्या बाईंचंही मला पूर्ण पटलेलं नाही. ज्याचा पाय लांब पडतो त्याने लांब पाय टाकावा. फक्त तो नेमका कुठे पोचलाय, हे आज कोणालाच माहीत नाही. त्याचं पानांवरून मोजू नका. एक करून बघा. त्याला हे द्या: क्ष वर्ग, वजा १५ क्ष, अधिक ५६, बरोबर शून्य. तो क्षणात म्हणेल, ७ आणि ८. बेरीज १५, गुणाकार ५६, बंदरावर ऐकूनऐकून असली जोडी त्याला दिसते. मग ५६ च्या जागी ५५ घाला आणि ओटीवर जाऊन भाजी निवडत बसा.

आता जोडी दिसणार नाही. तो ६ आणि ९ करून बघेल, ५४ येतील. ७ आणि ८ चे ५६. ५५ मधेच कुठेतरी. बहुतेक हुशार मुलं इथे पहिल्यांदा अडतात, आणि पुष्कळांना राग येतो, कारण अडायची सवयच नसते. सर लगेच सूत्र सांगतील आणि तो दोन मिनिटांत उत्तर काढेल. सांगू नका. फार तर एवढंच म्हणा, दोघांची बेरीज १५, म्हणजे दोघंही साडेसाताच्या आजूबाजूला, एक जेवढा वर तेवढाच दुसरा खाली. पुढचं त्याचं त्याने बघू दे. तुमच्यापुरतं सांगते: साडेसातात काहीतरी मिळवा, साडेसातातून तेवढंच वजा करा, गुणा. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र त्याच्याच पुस्तकातलं आहे. साडेसाताचा वर्ग ५६.२५, वजा त्या ‘काहीतरी’चा वर्ग, बरोबर ५५. म्हणजे वर्ग १.२५. वर्गमूळ पुरं निघत नाही, करणीत, म्हणजे मुळाच्या चिन्हाखालीच, राहतं. हे त्याने स्वतः काढलं, दोन दिवस लागले तरी, तर दहावीचं वर्गसमीकरण त्याला आलं असं समजा. नाही काढता आलं तर आठवीतले अवयव आणि नववीतल्या बहुपदी त्याने वरवर ओलांडल्यात. तिथे परत बसवा.

अशा मुलाला अकरावी-बारावीचं पुस्तक लवकर देण्यापेक्षा अशी अडवणारी गणितं द्यावीत. गणित ऑलिम्पियाडच्या, म्हणजे शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धेच्या, जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांत कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही, शाळेतलंच बीजगणित आणि भूमिती, पण एकेका गणितावर अख्खी दुपार जाते. एवढं काम त्याला पुरे. कंटाळा येईल का, ही काळजी सोडा.

तर करायचं ते एकच, आणि आज रात्री जेवणं झाल्यावर. धाकट्याला पुस्तक आणायला सांगा. खोडलेल्या नावाच्या खाली त्याच्याच हाताने दादाचं नाव परत लिहायला लावा, पूर्ण, आडनावासकट. मग ते त्याने दादाच्या हातात द्यावं. तुम्ही मधे बोलू नका, मिस्टरांना तर अजिबात बोलू देऊ नका. मोठा ‘राहू दे, मला नको’ म्हणेल. तरी त्याच्या हातात राहू दे, परत घेऊ नका. आणि अभ्यासाला ओटीवरचा चांगला दिवा परीक्षेपर्यंत मोठ्याचा, धाकट्याने आत बसावं.

दापोलीला बाजाराला जाल तेव्हा धाकट्यासाठी नवी प्रत आणा, तिला खाकी कव्हर घाला आणि त्याचं नाव टाका. तोपर्यंत चार-आठ दिवस त्याने तोंडीच चालवावं. जमतं म्हणता ना त्याला.