प्रेमसंबंधामुळे तरुण मुलाची तब्येत बिघडते का?

बावीस वर्षांचा भाऊ प्रेमात पडल्यापासून खंगत चालला आहे, तर घरचे म्हणतात त्याप्रमाणे हा संबंध तोडला की त्याची प्रकृती सुधारेल का, असे आपण विचारले आहे. घरच्यांनी बळजबरीने तोडल्यास ती सुधारणार नाही, उलट अधिक बिघडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरात नेमका हाच निर्णय झाला आणि त्याचे भोग माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आले.

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. डिप्लोमा संपवून भाऊ बागेचे काम पाहू लागला, तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याला आणि झोपेला काही धरबंध उरला नव्हता. रात्री उशिरापर्यंत जागरण, सकाळी नुसता चहा आणि खिशात कायम गुटख्याची पुडी. मोहोरावर फवारणी करताना तोंडाला साधे फडकेही बांधत नसे, औषधाने भिजलेल्या कपड्यांनिशीच जेवायला बसे आणि मग संध्याकाळभर डोके धरून पडवीत पडून राही. आई सांगून सांगून थकली होती. पुढे नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीशी त्याचे जुळले आणि काही महिन्यांत तो पार बदलला. गुटखा सुटला. फवारणीला निघताना मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे, परतल्यावर विहिरीवर साबण लावून आंघोळ आणि मगच जेवण, असा त्याने नेम धरला. पंपाचे नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकण्याची त्याची जुनी खोडही तिनेच मोडली. डोकेदुखी थांबली. जे आईला जमले नाही, ते त्या मुलीने करून दाखवले.

गणपतीला मुंबईहून थोरला दादा आला. मुलगी आपल्या जातीची नाही, एवढ्याच कारणावरून त्याने भावाचा फोन काढून घेतला आणि तिच्या घरी जाऊन तो नको ते बोलून आला. "प्रेमान पोट भरना नाय, दोन म्हयन्यात इसरतलो," असे त्याने आईला सांगितले. मी विरोध केला, परंतु सासरी गेलेल्या बहिणीचा शब्द आमच्याकडे चालत नाही.

भाऊ विसरला नाही. पेजेचे ताट समोर घेऊन तो बसे आणि तिच्यावर साय धरली तरी हात लावत नसे. आंबे राखण्याच्या निमित्ताने बागेतल्या खोपीत राहू लागला, पण तिथेही त्याला झोप येत नव्हती, छातीत धडधडत असे, आणि गुटखा पुन्हा सुरू झाला. पित्ताच्या गोळ्या झाल्या, देवळात गाऱ्हाणे झाले. अखेर एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्याशी एकट्याशी बोलून नैराश्याचे निदान केले आणि उपचारांनी तो हळूहळू सावरला. दादा मात्र आजही चारचौघांत सांगतो की, त्या मुलीपायी पोरगा खराब झाला. हे धादांत खोटे आहे. तिच्यामुळे तो सुधारला होता. खराब झाला तो संबंध तोडल्यामुळे, आणि तोही तिचा अपमान करून तोडल्यामुळे.

नात्यातला जिव्हाळा आणि जाच यांतला फरक शरीराला कळतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या 2006 सालच्या प्रयोगात विजेच्या झटक्याची भीती घातलेल्या विवाहित स्त्रियांनी पतीचा हात धरला, तेव्हा मेंदूतील भीतीची प्रतिक्रिया मंदावली. नाते जितके चांगले, तितका हा परिणाम अधिक. याउलट मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी 2005 मध्ये 42 दांपत्यांच्या हातांवर बारीक फोड उठवून पाहिले, तेव्हा एकमेकांशी वैरभावाने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत सुमारे 60 टक्के वेगानेच भरल्या. हे दोन्ही प्रयोग अमेरिकेतील विवाहितांवर झालेले आहेत, त्यामुळे त्यांतील आकडे आपल्या भावाला जसेच्या तसे लावू नयेत.

आपल्या भावाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्यात. वजन थायरॉइड, मधुमेह किंवा क्षयरोगानेही उतरते, तेव्हा प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दुसरे असे की, ती मुलगी त्याचा फोन तपासत असेल, धमक्या देत असेल किंवा रात्र रात्र त्याला जागवत असेल, तर ते नातेच त्याला पोखरत आहे आणि त्यातून त्याने बाहेर पडलेच पाहिजे. मात्र तो निर्णय त्याचा असावा आणि आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे. तो घरी मोकळेपणाने बोलत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेच्या 14416 या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते; जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडून निघाली, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि "दोन महिन्यांत विसरेल" असे घरातील कोणी म्हणू लागले, तर त्यांना आमच्या घरची ही हकीकत अवश्य वाचून दाखवावी.