वायरी पाच, बटणं आठ!

प्रश्न : नमस्कार दादा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर माझा शाळेतला टीव्ही व्हिडिओ गेम सापडला, तो कॅसेटवाला, आणि चक्क चालू आहे! पोरं मोबाईल सोडून त्याला चिकटली म्हटल्यावर मलाच चेव आला, म्हटलं पार्लरमध्ये असायचं तसं छोटं खोकं बनवू, टेबलावर मावेल असं, एक जॉयस्टिक आणि सहा बटणं. प्लाय आणलं, बटणं ऑनलाइन मागवली. मग एका रिमोटची वायर कापली तर आत फक्त पाच वायरी निघाल्या, बटणं तर आठ आहेत ना? आता कुठली वायर कुठल्या बटणाला लावू? का कन्सोलच खोलून आतून कनेक्शन काढू? बायको म्हणते भंगारात द्या. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वहिनींना सांगा थोडं थांबा. आणि तुम्ही कन्सोल खोलू नका, त्याने काहीच चूक केलेली नाही. बळी द्यायचाच असेल तर रिमोटचा द्या, तो नवा मिळतो, असा जुना कन्सोल सहज मिळत नाही.

पाच वायरींचं गणित असं. एक ५ व्होल्ट, एक ग्राउंड, उरलेल्या तीन लॅच, क्लॉक आणि डेटा. म्हणजे बटणागणिक वायर नसतेच. कन्सोल लॅचवरून ‘आत्ता कोण कोण दाबलंय ते लक्षात ठेव’ असं सांगतो, मग क्लॉकचा एकेक ठोका देतो आणि रिमोटमधली चिप डेटाच्या वायरवरून ओळीने उत्तर देते – ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. शाळेतली हजेरीच म्हणा ना. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल आला त्याचीच ही पद्धत, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात होते ते बहुतेक गेम त्याच फॅमिकॉमच्या नकला. म्हणून ती कापलेली वायर आधी परत जोडून घ्या, रंगाला रंग, टेप लावून.

आता रिमोटचे स्क्रू काढा. आत एक छोटी पट्टी, तिच्यावर काळ्या लाखेचा ठिपका, ती चिप. प्रत्येक बटणाखाली दोन काळे पट्टे समोरासमोर दिसतील, रबरी बटण दाबलं की ते जोडले जातात. आपल्याला फक्त त्या दोन पट्ट्यांपासून दोन वायरी काढून आपल्या मोठ्या बटणाला न्यायच्यात, बास. पण त्या काळ्या थराला सॉल्डर (डाख) धरत नाही, तो कार्बन असतो, तेव्हा पट्टा जिथून पुढे जातो तिथला रंग ब्लेडने हलका खरवडून तांबं उघडं करा आणि तिथे टाका मारा. सॉल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली तर तांब्याचा पट्टाच उचलून येतो (माझे दोन रिमोट असेच गेले, तिसऱ्याला शहाणपण आलं). मल्टिमीटर बीपवर ठेवून बघा, आठही बटणांची एक बाजू ग्राउंडलाच जाताना दिसेल, म्हणजे १६ वायरी नकोत, ९ पुरतात, ग्राउंडची एकच वायर सगळ्या बटणांवरून माळेसारखी फिरवा.

रिमोटची पट्टी पारच गेली तरी घाबरू नका, मूळ फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये ४०२१ नावाची साधी चिप असायची, ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ काय, आरामात मिळते, आठ रेझिस्टर लावून घरी पट्टी बनवता येते. पण पहिल्याच फटक्यात तिकडे जाऊ नका.

दोन ठिकाणी सगळेच फसतात. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असले तर कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) हे दोनच वापरायचे, चुकून एनसी (न दाबता जोडलेला असणारा) लावलं तर कोणी हात न लावताच हिरो उड्या मारत बसतो. दुसरं म्हणजे जॉयस्टिक. दांडा वर ढकलला की त्याचं खालचं टोक उलट्या दिशेला जातं, त्यामुळे ‘वर’ची वायर खालच्या स्विचला आणि ‘डावं’ची उजव्याला. हे वाचूनही तुम्ही उलटंच लावणार, आम्ही सगळ्यांनी लावलंय. तपासायला कॅसेटमध्ये कॉन्ट्रा हा गेम असेल तर टायटल आल्यावर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि मग स्टार्ट, ३० लाइफ मिळाल्या म्हणजे वायरिंग पास.

सहा बटणांचा मोह मात्र सोडा. ती १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूची चैन, तीन बुक्क्या तीन लाथा. तुमच्या कन्सोलला ए आणि बी दोनच कळतात, बाकीची चार शोभेची होतील. पार्लरमध्ये आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो तो कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्ससुद्धा दोनच बटणांवर चालायचा, एकाने मार एकाने उडी, काही अडलं का आपलं? दोन मोठी आणि स्टार्ट-सिलेक्टची दोन छोटी, झालं.

प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं करा, हे कळकळीने सांगतोय. बुटाच्या खोक्यावर बटणं बसवून अर्धा तास खेळा, मनगट कुठे टेकतं, कोपर कुठे जातं ते तेव्हाच कळतं, सुताराने कापून दिल्यावर नाही. बटणाचं भोक साधारण ३० मिमीचं, पण काही बटणं २८ ची असतात, तेव्हा आधी माप घ्या मगच होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) आणा. दोन बटणांच्या मध्यांत ३६ मिमी तरी ठेवा. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, १२ मिमी प्लायला ती पकडत नाहीत, खालून नट फिरवायची घ्या. जॉयस्टिकच्या जागी प्लाय खालून थोडं कोरून घ्या नाहीतर दांडा बोटभरच वर येतो. खोक्याच्या तळाला रबराचे पाय हवेतच, पोरं रंगात आली की अख्खं खोकं टेबलावरून चालायला लागतं. आणि मागे हवेला भोकं ठेवा, बहुतेक कन्सोलमध्ये व्होल्टेज ५ वर आणणारा ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो चांगला तापतो.

स्क्रीनसाठी जुना चौकोनी एलसीडी टीव्ही मिळाला, पिवळी पिन घेणारा, तर सोन्याहून पिवळं. कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटरला एव्ही टू व्हीजीए डबी लागते, आणि स्वस्त डबीने चित्र जरा उशिरा येतं, मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी दिसते. जुना डबडा टीव्ही मात्र फोडून आत बसवू नका, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात. बसवायचा तर अख्खा बसवा.

प्रश्न : दादा, मी डिप्लोमाला आहे. जुना कन्सोल नाही, रास्पबेरी पाय (तो तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेऊन केलं तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चालेल की, उलट तुझं काम सोपं आहे, यूएसबी एन्कोडर (कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला सांगणारी पट्टी) घे, बटणं त्यात खोच, सॉल्डरिंगच नाही. फक्त जुन्या कन्सोलसारखं खटकन बंद करू नकोस, तसं करून मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, शटडाउनचं वेगळं बटण ठेव. आणि गेम फुकट डाउनलोड होतात म्हणजे फुकट असतात असं नाही, तेवढं लक्षात असू दे.

प्रश्न : आमच्या खोक्यात सगळं चालतं पण बदकं मारायची बंदूक चालत नाही. बंदूक खराब आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : बंदूक बहुतेक ठणठणीत आहे, तुमचा टीव्ही नवा आहे. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला सेन्सर तो उजेड बघतो. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं, एलसीडीवर चित्र यायला उशीर होतो आणि बंदुकीला वाटतं नेम चुकला. गेममधला कुत्रा हसतच राहणार.

प्रश्न : नाण्याची खाच बसवता येईल का? रुपया टाकल्याशिवाय मजा नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : येते. कॉइन अ‍ॅक्सेप्टर म्हणून तयार मिळतो, पण त्याला बहुतेक १२ व्होल्ट लागतात, वेगळा अडॅप्टर द्या. घरच्या कन्सोलला ‘क्रेडिट’ वगैरे कळत नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल छोट्या रिलेवरून (विजेने चालणारा स्विच) स्टार्टच्या बटणाला द्यायचा. साध्या प्रकारात आत एक नमुन्याचं नाणं अडकवलेलं असतं, येणारं नाणं त्याच्याशी जुळलं तरच घेतो. आपल्या रुपयाची गंमत अशी की नव्वदच्या दशकातला स्टीलचा रुपया २५ मिमीचा आणि २०११ नंतरचा २२ चा, त्यामुळे एकच काहीतरी ठरवा. मी जुना ठरवला, भाजीवाल्याकडून आणि देवघरातून मिळून वीसेक जमवले, डबीत ठेवलेत. डबीला कुलूप लावा, माझ्या पुतण्याने पहिल्याच आठवड्यात त्यातल्या सहांचे चिंचेचे गोळे आणले.