स्किनर शिकताना आधी रेघ बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

सेमिनारला वर्तनाचा अभ्यास करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर घेतलास, छान केलंस. १९०४ साली पेनसिल्व्हेनियात जन्म, इंग्रजी साहित्याची पदवी, लेखक होण्याचा सोडून दिलेला प्रयत्न, १९३१ला हार्वर्डची पीएच.डी., १९९०ला मृत्यू. चरित्र एवढ्यावर उरक. मुलीला प्रयोगाच्या पेटीत वाढवल्याची अफवा मात्र ठामपणे खोड. तो काचेचा, तापमान राखणारा पाळणा होता.

खरा वेळ दे नोंदयंत्राला. त्यात कागद ठरावीक संथ गतीने सरकतो. उंदराने खाद्यासाठी दांडी दाबली की पेन एक पायरी वर चढतं, आणि खाली येत नाही. उंदीर भराभर दाबू लागला की रेघ उभी चढते, थांबला की आडवी जाते. एकाच प्राण्याच्या वर्तनाचा वेग त्यामुळे डोळ्यांसमोर उमटतो, तोही सरासरीत न हरवता. स्किनरचं मोठेपण मला इथे दिसतं. खाद्य देणारं यंत्र अडकलं तेव्हा त्याने ते नुसतं दुरुस्त केलं नाही, हळूहळू आडवी होत गेलेली रेघ जपली. ती विलोपनाची, म्हणजे खाद्य मिळेनासं झाल्यावर वर्तन हळूहळू बंद पडण्याची, रेघ होती. खाद्याच्या गोळ्या हाताने कराव्या लागत, म्हणून पुरवून वापरायला त्याने मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. उंदीर दाबतच राहिले! प्रबलन म्हणजे परिणामामुळे वर्तन वाढणं; ते दर वेळी न होता अधूनमधूनच झालं तर ते खंडित. त्या खंडित प्रबलनाचा अभ्यास तिथून सुरू झाला.

आता कबुतराला बटणावर चोच मारायला शिकवायचं, ते वर्गात पायरीपायरीने सांग. पक्ष्याचं वजन भरपेट वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांवर ठेवतात. आधी फक्त दाणे यायचा आवाज ओळखीचा करायचा. आवाज होताच तो दाण्यांकडे वळेपर्यंत पुढे जायचं नाही. ही पायरी गाळली की पुढचं सगळं फसतं. मग बटणाकडे वळला की दाणे, जवळ गेला की दाणे, मान पुढे केली की दाणे, शेवटी चोच लागली तरच. दर वेळी तीन-चार सेकंदच खाऊ द्यायचं, नाहीतर पोट भरतं. दाणे सेकंदभर उशिरा आले तर तेवढ्यात मान फिरलेली असते आणि ते मान फिरवणंच पक्कं होतं. एकाच पायरीवर फार रेंगाळलं तर पक्षी तिथेच अडकतो. मोठी उडी घेतली तर प्रयत्नच सोडतो. तसं झालं की एक पायरी मागे यायचं. पक्ष्याला मठ्ठ म्हणू नकोस, आधी आपला हात आणि वेळ तपास.

१९४८चा अंधश्रद्धेचा प्रयोगही घे: पक्षी काहीही करो, दाणे ठरावीक अंतराने येत. आठपैकी सहा कबुतरांत ठाशीव हालचाली दिसल्या. एक तर गोल फिरत राही. दाणे योगायोगाने ज्या हालचालीनंतर आले तीच पक्की झाली, असा अर्थ स्किनरने लावला. पण १९७१ला स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी प्रयोग पुन्हा केला आणि स्किनरच्या या अर्थावर गंभीर शंका घेतली, हेही सांग.

परीक्षेत हमखास चुकतं ते ऋण प्रबलन. ते म्हणजे शिक्षा नव्हे. सीटबेल्ट लावला की गाडीची पीं-पीं थांबते, म्हणून लावण्याची सवय वाढते. वर्तन वाढलं म्हणून ते प्रबलन. शिक्षेने वर्तन घटतं.

स्लाइडवर स्किनरचा फोटो नंतर टाक. आधी विलोपनाची रेघ दाखव आणि उंदराने दाबणं कुठे कमी केलं, ते वर्गाला ओळखू दे.

तुझे,
सर