लक्ष गेलं, तर परत कुठे यायचं?

"हुशार आहे हो, पण त्याचं लक्षच लागत नाही." गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळीकडच्या आईवडिलांकडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. पाठोपाठ प्रश्न ठरलेला : "शाळेत हल्ली ते ध्यान शिकवतात ना, त्यानं लागेल का?" त्यांच्यासाठी सातवीतल्या एका मुलाचा हा अनुभव, ओळख पटणार नाही इतका बदलून.

चौथीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत पुढच्या बाकावरचा. पाचवीपासून, आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसं, इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल. तिथं वहीत अर्धी वाक्यं राहू लागली. डोळे, कान, झोप हे सगळं पाहून झालं होतं. ते आधी पाहावंच. ज्याला फळा दिसत नाही त्याला श्वास मोजायला लावणं अन्याय आहे. शाळेत रोज सकाळी दोन मिनिटं डोळे मिटून बसवत. ती दोन मिनिटं त्याला नकोशी वाटत.

"काय होतं तेव्हा?"

"मन धावतं. सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही."

त्यातला 'मलाच' मी टिपून ठेवला. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक. घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःला जे सांगतो तेच जास्त छळतं, हे त्यांचं म्हणणं मला रोज नव्यानं पटतं. मन भटकणं ही नुसती घटना. ती मोठ्यांच्या बाबतीतही घडते. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2,250 प्रौढांना दिवसभरात मधूनमधून फोनवर विचारलं होतं. जवळजवळ 47 टक्के वेळा त्यांचं मन हातातल्या कामात नव्हतं. मी हे त्याला सांगितलं. त्यानं शहाण्यासारखी मान हलवली आणि काहीच बदललं नाही.

गणपतीची चवथ झाल्यावर तो आला तेव्हा त्याची बोटं सुजलेली होती. घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजवून. आरतीच्या मेळात तो होता, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"किती वेळ वाजवतोस?"

"एकेका घरात तासभर तरी."

"मग तिथं मन धावत नाही?"

"धावतं की! परवा नेवऱ्यांच्या ताटाकडे बघत राहिलो नि ठेका चुकला."

"मग घुमट खाली ठेवलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "खाली कशाला? कासाळ्याकडे कान द्यायचा नि परत मिळायचं."

"स्वतःवर रागावला नाहीस?"

"तेवढा वेळ कुठं असतो? आरती पुढं जाते ना!"

इतकी वर्षं मी जे समजावत होते, ते या मुलानं दोन वाक्यांत माझ्यासमोर ठेवलं. एकाग्रता म्हणजे मन न हलणं नव्हे. गेलेलं कळणं आणि न रागावता परत येणं, हाच तो सराव. आरतीत परत यायला कासाळ्याच्या झांजा होत्या. वर्गात इंग्रजीचं एक वाक्य निसटलं की मग 'मलाच जमत नाही', आणि घुमट खाली.

मग आम्ही वर्गातलं कासाळं शोधलं. सकाळच्या दोन मिनिटांत नाकाशी लागणारा गार श्वास. डोळे उघडे ठेवले तरी चालतील, काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांची धास्ती वाटते. तास चालू असताना फळ्यावरचा शेवटचा शब्द. तोही कळला नाही तर हात वर. यासाठी टीचरची साथ हवी होती, आणि ती मिळाली. "लक्ष कुठं आहे तुझं?" हा प्रश्न त्या ओरडून विचारत. तोच त्या आता खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारू लागल्या, सगळ्या वर्गाला. कुणी म्हणे डब्यात, कुणी म्हणे फुटबॉलच्या मैदानावर. शिक्षा नाही. "बरं, चला परत," एवढंच. माझ्या मते या सगळ्यात मोठं काम या बदललेल्या स्वरानं केलं.

पालकांनी यातून मार्कांचा हिशेब मात्र मांडू नये. ब्रिटनमध्ये 8,000हून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरसकट सगळ्या वर्गाला सजगता (माइंडफुलनेस) शिकवून नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. मला त्याचं नवल वाटत नाही. नुसतं गप्प बसवलं की मुलं गप्प बसायला शिकतात. घरी दोनच मिनिटं द्या, शेजारी तुम्हीही बसा, आणि नंतर "लागलं का लक्ष?" असं विचारू नका. "कुठं जाऊन आलास?" असं विचारा.

शेवटच्या भेटीला तो आईबरोबर आला. "आज सायन्सच्या तासाला नऊ वेळा परत आलो," तो मला म्हणाला.

आईचा चेहरा पडला. "म्हणजे नऊ वेळा लक्ष गेलं?"

"गेलं नि आलं, आई," तो म्हणाला.