न्याहारी-निवास काढायचंय, पण सगळी पुंजी घालून?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 60, खासगी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्ती, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात 45 लाख. मालवण तालुक्यात सासरचं चिऱ्याचं घर आहे, त्याच्या मागच्या परड्यात 30 लाख घालून चार नव्या एसी खोल्या बांधायचा बेत आहे. "पर्यटक वाढलेत, घाई करावी का?" असं तुम्ही विचारता. धंदा जरूर करा, पण बांधकाम आत्ता नको.

तुमच्याकडे येणारा पाहुणा कोण, ते आधी पाहू. चिपीचं विमानतळ 2021 मध्ये सुरू झालं, तरी तुमचा पाहुणा बहुतेक स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने कुडाळला उतरून येणार. पुण्या-कोल्हापूरचं कुटुंब, सोबत आजी-आजोबा. तो महिनाभर आधी ठरवत नाही, गुरुवारी फोन करतो आणि शुक्रवारी रात्री दारात हजर. गेल्या डिसेंबरात मी तारकर्लीजवळ एका घरी उतरलो होतो. मालकीणबाई घावणे काढता काढता फोनवर बोलत होत्या. पलीकडच्याने तीनच गोष्टी विचारल्या: बाथरूमचा फोटो पाठवता का, कमोड आहे का, वायफाय चालतं का. खोली केवढी, हे त्याने विचारलंच नाही. जाताना लोक गूगलवर लिहितात तेही स्वच्छ चादरीबद्दल, आंबोळी-उसळीबद्दल आणि घरच्यांच्या बोलण्याबद्दल. यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही.

आता हिशेब. पावसाचे चार महिने सोडा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही तेव्हा बहुतेक काळ बंद असतात. उरलेल्या काळात शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिना धरून 100 रात्री भरल्या तरी चांगलं म्हणायचं. चार खोल्या, 2,000 रुपये दर, म्हणजे वर्षाला आठ लाख. बुकिंग साइटचं कमिशन, मदतनीस बाईचा पगार, न्याहारी, धुणं, वीज आणि खाऱ्या हवेने गंजणारं सामान हे वजा करता चार लाख उरले तर नशीब. तेच 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 2,46,000, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये घरबसल्या मिळतात. व्याज करपात्र आहे, पण मुद्दल शाबूत राहतं. म्हणजे वर्षभर राबून जास्तीचे मिळणार दीडेक लाख, तेही 30 लाख विटा-सिमेंटात अडकवून. हा सौदा मला पटत नाही.

त्याऐवजी माजघरालगतच्या रिकाम्या दोन खोल्या घ्या. सहा लाखांत दोन्हींना संडास-बाथरूम, इन्व्हर्टर, पाण्याची मोठी टाकी आणि चांगल्या गाद्या होतील. दर 1,800 धरला तर 100 रात्रींचे 3,60,000. निम्मे खर्चात गेले तरी 1,80,000 उरतात आणि 30 लाख बचत योजनेत ठेवले की त्याचं व्याज वेगळं येतच राहतं. उरलेले नऊ लाख बँकेत मुदत ठेवीत असू द्या. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्हीच लिहिलंय, त्यासाठी हाताशी पैसा हवा.

एक गोष्ट मात्र काळजीत टाकते. घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. सामाईक घरात स्वतःचा पैसा घातला की उद्या मुंबईचे दीर-पुतणे हिस्सा मागायला मोकळे. म्हणून आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या नोंदीचा उतारा) काढा, सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि वकिलाकडून तपासून घ्या. परडं किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे तेही पाहा, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, नवं बांधकाम सहज मंजूर होत नाही. मग पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, हे यजमानांना आत्ताच शिकवून ठेवा.

दिवाळीपासून मेपर्यंत एक हंगाम असा काढा. प्रत्येक रात्रीचा जमाखर्च वहीत लिहा आणि जूनमध्ये ती वही मला पाठवा. तिसऱ्या खोलीबद्दल तेव्हा बोलू.