वाचकांचे प्रश्न: सकाळच्या घाईतली धिरडी

प्रश्न : माझी दोन्ही मुले सातच्या शाळेच्या गाडीने जातात आणि मला साडेसातची लोकल गाठायची असते. मामाकडे पॅनकेक खाल्ल्यापासून मुलांना पोहे-उपमा नकोसा झाला आहे. तयार पिठाचे पाकीट आणले, तर ते चार सकाळीही पुरले नाही. आमच्याकडे अंडे चालत नाही. घरच्या घरी, कमी खर्चात हे जमेल का? (डोंबिवली)

उत्तर : जमेल, आणि त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे जिन्नस तुमच्या घरात आजच असतील. तयार पाकिटात बहुधा मैदा, साखर, मीठ आणि पीठ फुगवणारी पूड एवढेच असते. दूध आणि लोणी त्यात आपल्यालाच घालावे लागते. म्हणजे पैसे मोजायचे ते मुख्यतः कोरडे पीठ मिसळून देण्याचे. हे काम आपण कणकेवर केले, तर जे तयार होते ते आपले गुळाचे धिरडेच असते, फक्त जरा जाड आणि जाळीदार.

रात्री झोपण्यापूर्वी दोन मोठे चमचे चिरलेला गूळ अर्धी वाटी पाण्यात भिजत घालावा. सकाळपर्यंत तो आपोआप विरघळतो, आणि पाणी गाळून घेतले की गुळातली कचही निघून जाते. सकाळी एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ आणि असल्यास वेलदोड्याची पूड एकत्र करून त्यात आधी थोडेच गुळाचे पाणी घालावे आणि पीठ घट्टसर असतानाच चांगले घोटावे. गुठळ्या मोडतात त्या याच वेळी, पीठ एकदा पातळ झाले की त्या चमच्यापुढे नुसत्या पळत राहतात. मग उरलेले गुळाचे पाणी आणि लागेल तसे आंबट ताक घालून पीठ पळीवाढे करावे आणि मुलांच्या आंघोळी होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे, झाकून ठेवावे. तेवढ्यात कणीक पाणी ओढून घेते आणि पीठ पुन्हा घट्ट होते, म्हणून ताकाचा शेवटचा घोट हाताशी राखून ठेवावा.

तवा तापल्यानंतरच पाव लहान चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा तेल पिठात हलकेच मिसळावे. सोड्याला ताकाचा आंबटपणा भेटताच वायू सुटू लागतो, आणि धिरडे हलके होते ते त्यामुळेच. सोडा आधीपासून घालून ठेवला, तर तो वायू भांड्यातच उडून जातो आणि तव्यावर चिवट चकती पडते. पीठ पळीने तव्यावर ओतून आपोआप पसरू द्यावे, पळीने फिरवू नये. वर आलेले बुडबुडे फुटून भोके तशीच राहिली आणि कड कोरडी दिसू लागली, की एकदाच उलटावे आणि कालथ्याने दाबण्याचा मोह आवरावा. गुळामुळे रंग भराभर चढतो, म्हणून आच मंद असावी. पहिले धिरडे तव्याचा अंदाज येण्यातच जाते. आमच्या घरी ते करणारीने उभ्या उभ्या खायचे, अशी जुनी वहिवाट आहे.

खर्चाचा हिशेब अगदी सोपा आहे. कणीक 50 रुपये किलो धरली, तर सव्वाशे ग्रॅमच्या वाटीला सहा-सव्वासहा रुपये पडतात आणि त्या वाटीत पाच-सहा लहान धिरडी होतात. गूळ, ताक, तेल धरूनही दोन मुलांची न्याहारी पंधरा रुपयांच्या आसपास बसते. वर मधाची बाटली उघडण्याची गरज नाही. चमचाभर तूप किंवा कुस्करलेले केळे पुरते.

प्रश्न : माझे माहेर रत्नागिरीचे, पण पुण्यात माझी घावने तव्याला चिकटतात किंवा उचलताना फाटतात. आईची कधी फाटल्याचे आठवत नाही. (पुणे)

उत्तर : आईचा बिडाचा तवा बहुधा केवळ घावनांसाठीच राखलेला असेल. पोळ्या किंवा भाकरी भाजल्या की कोरड्या आचेने तव्यावरचा तेलाचा मुरलेला थर जळून जातो, आणि त्याच तव्यावर घावन घातले की ते हमखास धरते. शक्य असल्यास एक तवा वेगळा ठेवावा आणि प्रत्येक घावनाआधी अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून त्यावरून फिरवावा.

तांदळाच्या पिठाला कणकेसारखा चिवटपणा नसतो, म्हणून घावनाचे पीठ ताकाइतके पातळ आणि तवा चांगला तापलेला, अशी जोडी जमावी लागते. एक वाटी पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी लागते. पीठ सतत तळाशी बसते. वरचेच पाणी ओतले गेले तर घावन फाटते आणि शेवटची दोन जाडजूड होतात, तेव्हा प्रत्येक वेळी तळापासून ढवळावे. ओतायला कडेपासून सुरुवात करून मध्याकडे यावे. नंतर झाकण ठेवावे आणि चुरचुर आवाज थांबला, कडा सुटू लागल्या, की मगच कालथा घालावा. घाईने उचललेले घावन अर्धे तव्यावरच राहते. नव्या तांदळाचे पीठ चिकट असते, म्हणून दळायला जुना तांदूळ द्यावा. कणी चालते आणि ती स्वस्तही पडते. नारळाचा रस रविवारसाठी ठेवावा. कामाच्या दिवशी लसणीची सुकी चटणी आणि दही झकास लागते.

प्रश्न : रविवारी पीठ भिजवून ठेवले तर आठवडाभर वापरता येईल का? (नागपूर)

उत्तर : भिजवलेले नाही, कोरडे मात्र ठेवता येईल. सोडा घातलेले पीठ त्याच सकाळी संपवावे आणि कांदा-कोथिंबीर घातलेले बेसनाचे दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. आठवडाभराची सोय हवी असेल, तर आंबोळीचे पीठ करून ठेवावे : चार वाट्या तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवावा, त्यात एक वाटी उडदाची डाळ आणि एक चमचा मेथी घालून गिरणीतून दळून आणावे. लागेल तेवढे पीठ रात्री कोमट पाण्यात भिजवावे. तुमच्याकडच्या मे महिन्यात ते सहा-सात तासांतच फुगून येईल, म्हणून भांडे अर्धेच भरावे. डिसेंबरात दहा-बारा तास लागतील. आंबलेले पीठ उरले, तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहते. तिसऱ्या दिवशी आंबटपणा वाढतो. तेव्हा त्यात बारीक चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची घालून जाडसर आंबोळ्या घालाव्यात.